ट्रायपॉडचं हेड: नॉब आवळल्यावर काय होतं ते बघा

लातूरच्या एका भावाने विचारलंय, प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडं फुल फ्रेम मिररलेस बॉडी आहे, 24-105 आणि 100-400 एमएम अशा दोन लेन्स आहेत, पाय बऱ्यापैकी जाड असलेला अॅल्युमिनियमचा ट्रायपॉड आहे. ट्रायपॉडसोबत जे बॉल हेड (ट्रायपॉडच्या डोक्यावरचा, कॅमेरा गोळ्यावर फिरवून धरणारा भाग) आलं त्याच्यावर लोड 20 किलो असं छापलंय, तरी 400 वर फ्रेम लावून नॉब आवळला की कॅमेरा खाली बसतो. काम मुख्यतः जुनी मंदिरं आणि मूर्ती, हिवाळ्यात पाच-सहा वेळा जायकवाडीला पक्षी. बजेट 12 हजार. आता यापेक्षा मोठं बॉल हेड घ्यावं, का थ्री-वे (तीन दिशांना तीन वेगळ्या मुठींचं), का गिंबल (लेन्स तोलून मोकळी फिरवणारं)?

भाऊ, मी 22 वर्षं झाली मराठवाड्यातली मंदिरं, मूर्ती, बारवा, शिलालेख यांचेच फोटो काढतोय, मधे लग्नाची कामंही बक्कळ केली. या काळात पाच-सहा हेडं वापरून झाली. त्यावरून सांगतो, तुमचा खरा प्रश्न कुठल्या प्रकारचं हेड हा नाहीच. तुम्ही फ्रेम ठरवली, नॉब आवळला, हात काढला, त्यानंतर फ्रेम जिथं ठेवली तिथंच राहिली का, आणि थोडी सुधारायची असली तर बाकीचं न हलता तेवढीच सुधारता आली का, एवढंच हेडचं काम आहे. मूर्तीच्या कामात हे दोन्ही लागतं. पक्ष्यांच्या कामात दोन्ही लागत नाही, तिथं उलट हेड मोकळं फिरावं लागतं. म्हणजे तुमची दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत आणि एकाच हेडमधे दोन्ही बसवायला गेलं की दोन्हीकडं अर्धवट राहतं.

आधी त्या 20 किलोचं बघू, कारण त्यात खूप जण फसतात. आकडा खोटाच असतो असं नाही, पण तो कसा मोजायचा याचा सगळ्या कंपन्यांना मिळून एक नियम नाही. वजन बरोबर गोळ्याच्या डोक्यावर सरळ ठेवून मोजलं तर आकडा मोठा येणारच. पाण्यानं भरलेली कळशी कमरेवर घेऊन बाई अर्धा कोस चालत जाते, तीच कळशी हात लांब करून धरा म्हणलं तर पाच मिनिटं धरवत नाही. वजन तेच, अंगापासून लांब गेलं एवढंच. तुमचा कॅमेरा आणि 100-400 मिळून दोन किलोच्या आसपास जातं. त्या वजनाचा मध्य गोळ्याच्या मध्यापासून 12 सेंटीमीटर वर आहे असं धरा. कॅमेरा सपाट, लेन्स कॉलरवर (लेन्सभोवतीचं, ट्रायपॉडला लावायचं कडं) बरोबर तोललेली, तर गोळ्यावर पिळा जवळजवळ शून्य. तोच कॅमेरा 45 अंशात शिखराकडं वर केला की ते वजन आडव्यात साडेआठ सेंटीमीटर बाहेर जातं, म्हणजे 17 किलो-सेंटीमीटरचा पिळा त्या गोळ्याला एकट्यानं धरून ठेवायचा आहे. आणि लेन्सच्या कॉलरऐवजी बॉडीच्या बुडाला प्लेट (हेडमधे अडकवायची पट्टी) लावली असंल तर झूम बाहेर काढल्यावर सगळं वजन आणखी पुढं जातं. तुम्ही कॉलरला लावता का बॉडीला हे लिहिलं नाही. बॉडीला लावत असाल तर नवीन हेड घ्यायच्या आधी कॉलरला लावून बघा, अर्धा त्रास तिथंच संपू शकतो.

आता कॅमेरा बसतो म्हणजे किती बसतो हेही कळायला पाहिजे. 24 मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी 6000 पिक्सेल. फुल फ्रेमवर 100 एमएमला आडवा कोन साधारण 20 अंशाचा असतो, 400 ला 5 अंशाच्या जरा वर. त्यामुळं हेड फक्त 0.1 अंश खाली बसलं तर 100 एमएमला फ्रेम 30 पिक्सेल सरकते, 400 ला 115 पिक्सेल. 24 एमएमवर तेच हेड तुम्हाला एकदम पक्कं वाटणार, कारण तिथं ती चूक दिसतच नाही. म्हणून 'माझ्याकडं हेच हेड आहे, मला काही प्रॉब्लेम नाही' असं कुणी म्हणलं तर तो कुठली लेन्स वापरतो ते आधी विचारा.

बसणंही दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे हात काढल्याबरोबर झटकन थोडं खाली येऊन थांबणं, आणि दुसरं हळूहळू घसरत राहणं. पहिलं कमी-जास्त जवळपास सगळ्या बॉल हेडमधे असतं आणि त्याच्यावर उपाय म्हणून फ्रेम थोडी वर धरून आवळायची सवय आपल्यातल्या बहुतेकांना असते. मीही बरीच वर्षं तसंच केलं, चालतं ते. पण दुसरं असेल, म्हणजे मिनिटभरानंतरही फ्रेम चालतच असेल, तर ते हेड त्या लेन्सचं नाही. काढून ठेवा, 24-105 ला वापरा.

मोठा गोळा घेतल्यानं फरक पडतो का? पडतो. गोळा जेवढा मोठा तेवढी पकड मध्यापासून लांब लागते, म्हणून त्याच जोरात आवळलं तरी जास्त पिळा सहन होतो. 30-32 मिलिमीटरचा गोळा आणि 44 चा गोळा यात हाताला लगेच कळतं. आवळायच्या मोठ्या नॉबशिवाय घर्षणाचा वेगळा नॉब असलेलंच घ्या. तो आपल्या लेन्सच्या वजनाला एकदा लावून ठेवला की मोठा नॉब सोडला तरी कॅमेरा धाडकन आडवा पडत नाही, हाताच्या जोरानं सावकाश हलतो. हा वेगळा नॉब नसलेलं बॉल हेड दोन किलोच्या कॅमेरा-लेन्सला मी कुणालाच घ्या म्हणणार नाही.

पण तुमच्या मंदिराच्या कामाला चांगल्यातलं चांगलं बॉल हेड घेतलं तरी एक अडचण राहतेच, आणि मला त्याचाच जास्त अनुभव आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. अंबाजोगाईजवळ धर्मापुरीचं केदारेश्वर मंदिर तुम्ही बघितलं असेल, नसेल तर जाऊन या, तुम्हाला फार लांब नाही. बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी, म्हणजे कोरलेल्या स्त्री-मूर्ती आहेत. अशा मूर्तीवर तिरपं ऊन असतं तेव्हाच दागिने, वस्त्राच्या चुण्या, बोटं उठून दिसतात, आणि ते ऊन एका मूर्तीवर दहा-पंधरा मिनिटंच मनासारखं मिळतं, मग ते सपाट व्हायला लागतं. एकदा सकाळी मी तिथं एका मूर्तीसमोर बॉल हेडवर 100 एमएम लावून उभा होतो. मूर्तीच्या वर आणि खाली दगडाचे थर आहेत, त्यांच्या आडव्या सांध्या स्क्रीनवरच्या ग्रिडच्या रेघेला समांतर बसवायच्या होत्या. डावीकडनं एक केसभर उतार होता. तो काढायला नॉब सोडला तर उतार गेला पण कॅमेरा थोडा वर गेला आणि मूर्तीचे पाय कापले गेले. पाय आत घेतले तर पॅन (आडवं फिरणं) सरकला. पॅन नीट केला, आवळला, बघतो तर उतार परत आलेला. असं सहा-सात वेळा झालं आणि तेवढ्यात ऊन गालावरून सरकून गेलं. त्या दिवशीचे फोटो काढले मी, पण ते मला आजही बघवत नाहीत.

यात माझा हात कच्चा होता असं मी मानत नाही, बॉल हेडचा स्वभावच तो आहे. गोळा सोडला की तिन्ही दिशा एकदम मोकळ्या होतात. वर-खाली, डावं-उजवं कलणं आणि फिरणं, सगळं एकाच नॉबवर. डोंगर-दरी काढताना, लग्नात, प्रवासात हाच त्याचा फायदा आहे, दोन सेकंदात फ्रेम लागते. पण जिथं एकच दिशा अर्ध्या अंशानं हलवायची आणि बाकीच्या दोन जागच्या जागी ठेवायच्या, तिथं तोच फायदा आडवा येतो.

म्हणून मूर्ती, शिलालेख, दरवाज्याच्या चौकटी, बारवा असल्या कामाला थ्री-वे किंवा गिअर हेड. थ्री-वे मधे प्रत्येक दिशेला वेगळी मूठ असते, एक सोडली तरी दोन आवळलेल्या राहतात. गिअर हेडमधे त्याच्या पुढं जाऊन प्रत्येक दिशेला फिरवायचा नॉब असतो, आत दातेरी चाक, नॉब जेवढा फिरवाल तेवढीच फ्रेम सरकते आणि हात काढल्यावर खाली बसत नाही, कारण सोडायचं-आवळायचं कामच राहत नाही. मी पुढं जुनं वापरलेलं मॅनफ्रोटोचं 410 हे गिअर हेड घेतलं, सव्वा किलोच्या आसपास वजन, खांद्याला जाणवतं. पण पहिल्यांदा त्याच्यावर वालूरच्या चक्राकार बारवेची फ्रेम लावली तेव्हा नॉब पाव फिरवला आणि पायरीची कड सरकत-सरकत ग्रिडच्या रेघेवर येऊन थांबली, तिथंच राहिली. त्यानंतर मूर्तीच्या कामाला मी बॉल हेड नेलेलं नाही.

थ्री-वेचे तोटेही सांगायला पाहिजेत. मुठी बाहेर आलेल्या असतात, बॅगेत अडकतात, अरुंद गाभाऱ्यात छातीला लागतात. आणि बऱ्याच थ्री-वे हेडमधे कॅमेरा पुढं खाली 90 अंश झुकतो पण मागं वर 30 अंशाच्या आसपासच जातो. मंडपाच्या छतातलं कोरीव कमळ काढायचं असलं की माणूस अडतो. तेव्हा कॅमेरा हेडवर उलटा लावायचा, म्हणजे लेन्स मुठीच्या बाजूला. मग जो झुकाव खाली होता तोच वर होतो. साधी गोष्ट आहे पण कुणी सांगितलं नाही तर सुचत नाही, मला एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांनी सांगितली होती.

उभी फ्रेम घेताना आणखी एक बघा. बॉल हेडच्या बाजूच्या खाचेत कॅमेरा आडवा टाकला की सगळं वजन ट्रायपॉडच्या मधोमध न राहता एका बाजूला लोंबतं, आणि कॅमेरा प्लेटच्या एका स्क्रूवर पिळून फिरायला लागतो. मूर्ती तर बहुतेक उभ्याच असतात. यासाठी एल आकाराची प्लेट मिळते, ती बॉडीला कायम लावून ठेवायची, आडवं-उभं करताना कॅमेरा काढून दुसऱ्या बाजूनं क्लॅम्पमधे (हेडवरची प्लेट धरणारी पकड) बसवायचा, वजन मधेच राहतं. तुमच्या बॉडीच्या मॉडेलची मिळाली तर उत्तम, नसता सगळ्यांना बसणारी घ्या, पण बॅटरीचं झाकण उघडतं का ते बघून.

आता जायकवाडी. नाथसागराच्या काठावर हिवाळ्यात पक्षी बघायला तुम्ही जाताच, तिथं रोहित पक्षी (फ्लेमिंगो) चालत-चालत चरत असतात तेव्हा कुठलंही हेड चालतं. अडचण येते ती थवा उठल्यावर. बॉल हेड मोकळं सोडून 100-400 फिरवायला गेलं की लेन्स पुढं कलंडते, एक हात तिला धरण्यातच जातो. थ्री-वेवर तर उडता पक्षी पकडणं जवळपास अशक्य. गिंबलमधे लेन्स तिच्या वजनाच्या मध्यावरच टांगलेली असते, नीट तोलली की हात सोडला तरी जिथं आहे तिथं थांबते आणि बोटाच्या जोरावर फिरते. मात्र त्याला कॉलर असलेली लेन्स आणि कॉलरच्या खालच्या फूटला लांब प्लेट पाहिजे, म्हणजे पुढं-मागं सरकवून तोल साधता येतो. 24-105 त्याच्यावर लावून काही उपयोग नाही. ट्रायपॉड सपाट लावलेला नसला की क्षितिज वाकडं येतं हेही लक्षात ठेवा.

पण खरं सांगू का, दोन किलोच्या कॅमेरा-लेन्सला आणि वर्षातल्या पाच-सहा फेऱ्यांना मी आत्ता गिंबल घ्या म्हणणार नाही. 150-600 किंवा त्याहून जड लेन्स असती, दर आठवड्याला जात असता, तर आधी गिंबलच घ्या म्हणलं असतं. तुम्ही जाड कापडाची एक पिशवी शिवून घ्या, उशीच्या अर्ध्या आकाराची, तोंडाला चेन लावा आणि तिच्यात ज्वारी भरा, पाऊण भरायची, गच्च नाही. गाडीच्या काचेवर, बांधावर, दगडावर टाकून त्याच्यावर लेन्स ठेवली की दाण्यांचा लेन्सच्या आकाराप्रमाणं खड्डा होतो आणि चांगला आधार मिळतो, वरून लेन्स फिरवतापण येते. मी अजून तेच वापरतो. आणि दुपारी बारानंतर पाण्यावरची तापलेली हवा थरथरायला लागली की 400 वर पिसं मऊच येणार, त्याचा दोष हेडला देऊ नका. सकाळी लवकर जा.

क्लॅम्पबद्दल बोलायचं राहिलं. जे काही घ्याल ते अर्का पद्धतीच्या प्लेटचं घ्या, म्हणजे साधारण 38 मिलिमीटर रुंद, दोन्ही कडा तिरप्या असलेली प्लेट. आज बॉल हेड, उद्या गिंबल, परवा एल प्लेट, सगळं एकमेकांत बसतं. मी घेतलेलं 410 त्याच्या वेगळ्या प्लेटचं होतं, त्याच्यावर वरून अर्का क्लॅम्प बसवून घ्यावा लागला, तो खर्च धरूनच जुन्या हेडचा भाव करा. ट्रायपॉडवर हेड बसतं तो स्क्रू पाव इंची आहे का तीन अष्टमांश हेही आधी मोजून घ्या, चांगल्या हेडांना सहसा मोठाच लागतो. आणि क्लॅम्प शक्यतो फिरवून आवळायच्या नॉबचा घ्या. एका कंपनीचं खटक्याच्या लिव्हरचं हेड माझ्याकडं होतं, कॅमेऱ्याचा पट्टा त्या लिव्हरला अडकला, ती उघडली आणि कॅमेरा थेट मंदिराच्या पायरीवर. लेन्सचं फिल्टरचं कडं चेपलं, आतली काच वाचली. सगळ्याच लिव्हर वाईट असं म्हणणार नाही, काहींना दुहेरी खटका असतो, तो असेल तर हरकत नाही. प्लेट दोन्ही टोकांना छोट्या स्क्रूनं अडणारी असली की सरकून पडत नाही, ते स्क्रू काढून ठेवू नका.

तर तुमच्या 12 हजारात मी काय करीन ते सांगतो. मूर्ती मुख्य काम आहे ना, मग पैसे तिथं घाला, धातूचं, अर्का क्लॅम्पचं, मुठी जाड असलेलं चांगलं थ्री-वे घ्या. नवं गिअर हेड या बजेटमधे बसणं अवघड आहे, पण पुण्यात किंवा संभाजीनगरला ओळखीच्या फोटोग्राफरकडं जुनं मिळत असेल तर थ्री-वेच्या आधी ते घ्या. घेताना नॉब दोन्ही दिशेला फिरवून बघा, दिशा बदलताना मधे पोकळ फिरत असेल तर दाते झिजलेत. उरलेल्या पैशात एल प्लेट. आहे ते बॉल हेड 24-105 साठी प्रवासाला राहू द्या. तुम्ही जर म्हणाला असता की मी मोटारसायकलवर फिरतो, एकच हेड नेणार, दोन किलोमीटर चालत किल्ल्यावर चढणार, तर मी 44 मिलिमीटरचं बॉल हेड सांगितलं असतं आणि मूर्तीला लागणारा जास्तीचा वेळ सोसा म्हणलं असतं. ते तुमच्या फिरण्यावर आहे. आणि वेरूळ-अजिंठ्याचा विचार मनात असेल तर तिथं ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी लागते, अजिंठ्यात फ्लॅश तर चालतच नाही, हेड घेऊन दारात अडकू नका.

पण पैसे घालायच्या आधी आज रात्री घरात एक गोष्ट करून बघा, कारण दोष हेडचाच आहे का पायांचा हे अजून पक्कं झालेलं नाही. भिंतीवर मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी उभी चिकटवा, पाच मीटरवर ट्रायपॉड लावा, मधला दांडा पूर्ण खाली. 400 वर लाइव्ह व्ह्यू मोठं करून मधल्या रेघेवर पट्टीची एक खूण आणा, आवळा, हात काढा. खूण किती मिलिमीटर सरकली ते लिहा, परत दोन मिनिटांनी बघा. पाच मीटरवर 9 मिलिमीटर म्हणजे तो 0.1 अंश झाला. मग लेन्सच्या टोकाला बोटानं हलकी टिचकी मारा आणि चित्र किती वेळात शांत होतं ते मोजा. चित्र सरकत असेल पण टिचकीनंतर लगेच शांत होत असेल तर दोष हेडचा. जागेवर राहतंय पण तीन-चार सेकंद थरथरतंय तर पाय किंवा त्यांचे सांधे ढिले आहेत, अॅलन कीनं ते आवळून परत बघा, नवीन हेड घेऊन ती थरथर जाणार नाही. तसंच गोळा आणि त्याची वाटी कोरड्या सुती कापडानं पुसून मगच ही चाचणी करा. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ गोळ्यावर बसते, आणि बरेच जण मऊ फिरावं म्हणून त्याच्यावर शिवणयंत्राचं तेल सोडतात. तेलानं पकडच जाते. तुमच्या हेडला कुणी तेल घातलं असेल तर आधी ते पूर्ण पुसून काढा आणि हात काढल्यावरचा आणि दोन मिनिटांनंतरचा असे दोन्ही आकडे इथं टाका, मी बघून सांगतो.